उसनी आठवण

दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहून देणं हा स्नेहलचा व्यवसाय होता, आणि नगरमधल्या सावेडीच्या दोन खोल्यांच्या घरात, आईच्या शिलाई मशीनच्या आवाजाच्या सोबतीने, ती तो गेली कित्येक वर्षं मन लावून करत आली होती. निवृत्त मुख्याध्यापक, दवाखाना मुलाच्या हाती सोपवलेले डॉक्टर, एखादे बाजार समितीचे माजी सभापती अशी माणसं पंचाहत्तरी नाहीतर सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं की तिला बोलावून घेत. ती त्यांच्यासमोर मोबाईल ठेवून ऐकत बसे, घरी येऊन ते बोलणं उतरवून काढी, आणि काही महिन्यांनी त्या माणसाच्या आयुष्याचं एक बेताच्या जाडीचं पुस्तक होई. त्यात पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत 'मी' असे, आणि तो 'मी' तिचा नसे. आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'शब्दांकन' म्हणून तिचं नाव येई. कधी तेही राहून जाई. त्याचं तिला फारसं वाईट वाटत नसे.

या कामाचे तिचे स्वतःचे नियम होते. सांगणाऱ्याने जे झाकून ठेवलं ते उकरायचं नाही. हयात माणसाची बेअब्रू होईल असं काही लिहायचं नाही. आणि जे घडलं नाही ते घडलं म्हणायचं नाही. मात्र या शेवटच्या नियमाला तिने एक बारीकशी फट ठेवली होती. माणसांना घटना आठवतात, पण त्या दिवशीचं ऊन आठवत नाही, वास आठवत नाहीत, कुणाच्या हातात काय होतं ते आठवत नाही. आणि त्यांच्यावाचून लिहिलेलं पान अळणी लागतं. मग ती आपल्या पदरचं चिमूटभर मीठ टाकत असे. कुणाच्या लग्नाच्या दिवशी वारं सुटलेलं असे, कुणाच्या वडिलांच्या सदऱ्याला तंबाखूचा वास येत असे. पुस्तक हातात पडलं की माणसं म्हणत, "अगदी असंच होतं हो! तुम्हाला कसं कळलं?" आणि ती हसून गप्प बसे. ऊनवाऱ्याचं खोटं हे काही खोटं नव्हे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मिरजगावच्या रामहरी गुरुजींचं काम तिच्याकडे आलं ते त्यांच्या भाचेसुनेकडून, भारतीकडून. भारतीच्या नवऱ्याचं हायवेला टायरचं दुकान होतं; गुरुजींना मूलबाळ नव्हतं, बायको चांगुणा जाऊनही बराच काळ लोटला होता, आणि ते या भाच्याकडेच राहत होते. "मामांच्या हाताखालून निम्मा तालुका शिकून गेला, ताई," भारती फोनवर म्हणाली होती. "सहस्रचंद्रदर्शनाला त्यांचं बी एक पुस्तक व्हावं आसं आमाला वाटतंय."

स्नेहल सोलापूरकडे जाणाऱ्या एसटीने मिरजगावला जाऊ लागली. गुरुजी ताठ बसत, तिला 'आपण' म्हणत, आणि अतिशय शुद्ध बोलत. 'पाणी' म्हणताना त्यांचा ण असा ठसठशीत उमटे की ऐकणाऱ्यानेही सावरून बसावं. पण त्या शुद्ध बोलण्यात काही सापडत नव्हतं. "त्यानंतर माझी बदली कोळगाव येथे झाली. तेथे मी निष्ठेने सेवा केली." कोळगावात काय झालं, कोण भेटलं, काय बघितलं, असं विचारलं की ते थोडा वेळ आठवल्यासारखं करत आणि म्हणत, "विशेष असं काही नाही." फक्त चांगुणाबाईंचं नाव निघालं की हा माणूस मोकळा होई. पन्नाशी उलटल्यावर त्या बाईने सायकल शिकायचा हट्ट धरला होता. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानात नऊवारीचा काचा मारून ती सायकलवर बसे आणि गुरुजी कॅरिअर धरून मागे पळत. एकदा त्यांनी नकळत हात सोडला, आणि ती एकटीच थेट फाटकातून बाहेर, रस्त्याने, बाजारपेठेपर्यंत गेली, कारण उतरायचं कसं ते तिला शिकवायचं राहून गेलं होतं. हे सांगताना गुरुजी इतके हसत की डोळे पुसावे लागत. भिंतीवरच्या फोटोतली चांगुणाबाई मात्र गंभीर होती.

ते एक प्रकरण स्नेहलने एका बैठकीत लिहून काढलं. बाकीची तशीच कोरडी पडून राहिली. त्यांपैकीच एकात, गुरुजींनी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यावर मुलांची सहल नेल्याचा उल्लेख होता. "मुलांना कारखाना दाखवला. रस पाजला. परत आलो." एवढंच. साखर कारखान्याचंच पान असं कोरडं राहिल्याचं स्नेहलला वाईट वाटलं, कारण तिला त्यातलं सगळं माहीत होतं.

तिचे वडील, सोपान, तशाच एका कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. ती पहिलीत असताना ते गेले. रात्रपाळीहून परतताना अंधारात सायकलसकट कालव्यात पडले, असं आईने तिला सांगितलं होतं, आणि त्यापलीकडे आई, विजयमाला, त्यांच्याबद्दल कधीही काही बोलली नव्हती. "गेलेल्या माणसाला सारखं उठवू नये," एवढंच ती म्हणे. वडिलांची स्नेहलकडे अशी एकच आठवण होती. उसाच्या शेवटच्या गाडीचं वजन झालं की ते तिला उचलून काट्याच्या लोखंडी फळ्यांवर उभं करत आणि पत्र्याच्या खोलीतली ती मोठी गोल तबकडी बघायला लावत. टनांत मोजणारा तो काटा तिच्याने तसूभरही हलत नसे. मग ते स्वतः तिच्या शेजारी येऊन उभे राहत. तरीही हलत नसे. "बघ," ते म्हणत, "आपल्या दोघांचं मिळून बी काय वजन न्हाई."

ती आठवण तिने गुरुजींना दिली. चार ओळींचंच काम होतं. सहलीला गेलेल्या मुलांतल्या सगळ्यांत लहान मुलीला गुरुजी काट्यावर उभं करतात, काटा हलत नाही, मग स्वतः उभे राहतात, तरी हलत नाही. वडिलांचं वाक्य तेवढं शुद्ध करून घेतलं. लिहून झाल्यावर ते पान एकदम जिवंत झालं आणि तिला बरं वाटलं. आणि त्यासोबत, घरातली वस्तू न विचारता कुणाला देऊन टाकल्यासारखं काहीतरी वाटलं, ते तिने बाजूला सारलं.

प्रत्येक प्रकरण ती सांगणाऱ्याला वाचून दाखवत असे. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. काट्याचा मजकूर आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. 

"स्वेटर राहिला," मग ते म्हणाले.

"कसला स्वेटर, गुरुजी?"

"त्या मुलीच्या अंगात होता ना. निळा. डावी बाही उसवलेली." त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. "ती लोकर तोंडात धरून चघळायची तिला खोड होती."

स्नेहलच्या जिभेवर ओल्या लोकरीची चव आली. इतकी वर्षं ती चव तिच्याच तोंडात कुठेतरी होती आणि तिला ठाऊक नव्हती. परतीच्या एसटीत तिने स्वतःची समजूत घातली, की त्या काळी थंडीत पोराटोरांच्या अंगात निळेच स्वेटर असत, आणि बाह्या चघळणारी पोरं मास्तरांनी काय कमी पाहिली असतील? घरी आल्यावर मात्र तिने आईला विचारलं.

"आई, माझा एक निळा स्वेटर होता का गं? बाही उसवलेला?"

मशीनवरचं पाऊल थांबलं. "होता. का?"

"काही नाही. आठवला."

"तुला कसा आठवेल?" आई म्हणाली. "तो त्याच वर्षी टाकून दिला मी." आणि तिने मशीन पुन्हा सुरू केलं, पण तिच्या हाताखालचा कपडा थोडा तिरका शिवला गेला आणि नंतर तिला ती शिवण उसवावी लागली.

इथे थांबता आलं असतं. सहलीचं प्रकरण संपलं होतं, पुढची बरीच बाकी होती, आणि गुरुजींची तब्येत धड असेपर्यंत ती उरकणं शहाणपणाचं होतं. पण पुढच्या खेपेला मोबाईल समोर ठेवल्यावर स्नेहलने विचारलं, "गुरुजी, त्या मुलीचं पुढं काय झालं?" आणि गुरुजी सांगू लागले. विशेष असं काही नाही, असं ते या वेळी म्हणाले नाहीत.

ते संथपणे सांगत. थंडीत तिला सायकलच्या नळीवर बसवायचं तर नळीला टॉवेल गुंडाळावा लागे. कारखान्याच्या मळीचा वास तिच्या केसांना लागे आणि आंघोळ घातली तरी जात नसे. तिला अंधाराची नाही, पण धान्याच्या कणगीची भीती वाटे. कणगीत कुणीतरी उभं आहे असं ती म्हणे. स्नेहल ऐकत राही. ज्या माणसाची तिच्याकडे एकच आठवण होती तो आता तिच्यासमोर दर खेपेला थोडा थोडा भरत चालला होता, त्याला हात फुटत होते, सवयी फुटत होत्या, आणि ती ठरल्यापेक्षा जास्त वेळा मिरजगावला जाऊ लागली होती. यांतलं काहीही ती पुस्तकासाठी उतरवून घेत नव्हती. ते ती घरी येऊन, कानाला मोबाईल लावून, एकटीच ऐकत बसे.

ऐकता ऐकता तिला दोन गोष्टी जाणवल्या. एक म्हणजे गुरुजींचा ण नाहीसा होत चालला होता. ते 'पानी' म्हणत, 'हुतं' म्हणत, आणि त्यांना ते कळत नव्हतं. दुसरी गोष्ट तिच्या स्वतःच्या बाबतीतली होती. काट्यावरची ती आठवण ती अजूनही डोळ्यांसमोर आणू शकत होती. पण पूर्वी तिला खालून वर, ती गोल तबकडी दिसायची. आता तिला वरून खाली दिसे. एका लहान मुलीच्या डोक्याचा भांग, आणि तिचे फळीवरचे अनवाणी पाय.

एका दुपारी आई भाजीला गेली आहे असं समजून ती मोठ्या आवाजात ऐकत बसली होती. दार उघडल्याचं तिला कळलं नाही. मोबाईलमधून गुरुजींचा सावकाश आवाज येत होता, "मी यायचो तवा दिवा बारीक केलेला आसायचा. आन् ही जागी. मी म्हनायचो, ठकू, झोपली न्हाईस व्हय आजून?"

तिने वर पाहिलं तर आई दारात उभी होती. भाजीची पिशवी तिने खाली ठेवली नव्हती.

"कोण बोलतंय हे?"

"मिरजगावचे गुरुजी. त्यांचंच काम चाललंय ना." आईचा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, "ठकू म्हणून कुणी मुलगी होती त्यांच्या वर्गात."

"बंद कर ते."

आई स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला, बंद झाला. मग आतूनच, जणू भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात ती म्हणाली, "तुझे वडील तुला म्हणायचे ठकू. तुझं नाव ठेवायच्या आधीपासून. बाकी कुणी म्हणत नव्हतं, मीसुद्धा नाही."

स्नेहलने मोबाईल बंद करून उपडा ठेवला.

"किती वय आहे त्यांचं?" आईने विचारलं.

"ऐंशीच्या वर."

"मग ते नव्हेत," आई म्हणाली, आणि तेवढ्याने एखादा हिशेब मिटल्यासारखी ती भाजी निवडायला बसली.

पुढच्या वेळी स्नेहल गेली तेव्हा भारतीने तिला बाहेरच, ओट्यावर अडवलं.

"ताई, रागाला येऊ नका. पर मामा तुमच्याशी काय बोलत्यात?"

"जुन्या आठवणी. का?"

"परवा मला म्हनले, त्यो फोटू काढून ठिव. कुनाच्या घरातल्या बाईचा फोटू आपल्या भितीवर कशाला? मी म्हनलं, आवो, मामी हायत त्या! तर माझ्याकडं आसं बघितलं, जनू मीच यड लागल्यावानी बोलतीय." तिने पदराने तोंड पुसलं. "डॉक्टर म्हनले, वयानं हुतं. व्हत आसंल. माझ्या चुलत्याचं बी झालं हुतं. पर त्यांचं निसतं जात हुतं, ताई. मामांचं जातंय आन् दुसरंच कायतरी येतंय."

भिंतीवर फोटोच्या जागी एक फिकट चौकोन होता. स्नेहलने पिशवीतून चांगुणाबाईंचं प्रकरण काढलं आणि वाचायला सुरुवात केली. मैदान, नऊवारीचा काचा, कॅरिअर धरून पळणं, हात सोडणं, फाटक, बाजारपेठ. गुरुजी मन लावून ऐकत होते. परगावच्या माणसाच्या घरातली हकिकत ऐकावी तसे, सभ्यपणे. संपल्यावर ते हसलेही.

"लई झ्याक लिवलंय," ते म्हणाले. "कोन ह्या बाई? हायत का आजून?"

स्नेहलला त्या क्षणी आपण काय केलं आहे हे कळलं नाही असं नाही. तिने एका माणसाच्या घरात एक पाहुणा आणून बसवला होता, आणि पाहुण्याला जागा व्हावी म्हणून घरातलं एकेक माणूस निघून जात होतं. त्या दिवशी ती लवकर उठली. घरी येऊन तिने सहलीच्या प्रकरणातला काट्याचा मजकूर काढून टाकला, मूळची तीन कोरडी वाक्यं जशीच्या तशी ठेवली, नवीन प्रत काढली, आणि चारसहा दिवसांनी ती गुरुजींसमोर नेऊन वाचली. मुलांना कारखाना दाखवला. रस पाजला. परत आलो.

गुरुजी ऐकत होते की नाही कळत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं, आणि ते उतरून गेल्यावर खाली जे असायला हवं होतं ते तिथे नव्हतं. भारतीने चहा आणून हातात दिला, तर कप हातात आहे आणि तो तोंडाकडे न्यायचा असतो हे त्यांना सुचेना. भारतीने घाईने तो फोटो आणून समोर धरला. "मामा, मामी बघा. मामी!" त्यांनी फोटोकडे पाहिलं, भारतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि तिन्हींकडे सारखंच पाहिलं. पाहुणा निघून गेला होता, पण घरची माणसं परत आली नव्हती.

भारती तोंड दाबून रडू लागली. तिला रडताना पाहून स्नेहलने मनाशी म्हटलं की आता जे करायचं ते यांच्यासाठीच करायचं आहे. दुसऱ्याच दिवशी ती पहिली प्रत घेऊन परत आली. भारतीने विचारलं, "ह्यानं बरं वाटंल त्यास्नी?" आणि ती म्हणाली, "बघू या." ती वाचू लागली. काटा हलला नाही, या वाक्यापाशी आली तेव्हा गुरुजींची बोटं मांडीवर हलली. संपलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत कुणीतरी होतं.

"ठकू," ते म्हणाले. "लांब गेल्तीस व्हय?"

"हो," स्नेहल म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हे दुःखाचं पाणी नव्हे हे तिला कळत होतं. चांगुणाबाईंचा फोटो भारतीने खाटेखाली ठेवला होता, तो त्यानंतर कुणी बाहेर काढला नाही.

आता मोबाईल समोर ठेवायचं नाटकही उरलं नव्हतं. सहस्रचंद्रदर्शनाची तारीख पुढे ढकलली गेली, पुस्तकाचं कुणी विचारीना. ती येई, खाटेशेजारी खुर्ची ओढी, आणि ते बोलत. ती त्यांना 'गुरुजी' म्हणायची बंद झाली होती. दुसरा शब्द तोंडावर येई, पण भारती आसपास असे म्हणून ती तो गिळून टाकी. फक्त एक गोष्ट तिने कधी विचारली नव्हती. एका उतरत्या दुपारी, ते शांतपणे खिडकीबाहेरच्या बोरीकडे बघत असताना, तिने ती विचारली.

"त्या दिवशी कालव्यावर... सायकल घसरली का?"

त्यांनी मान वळवली. चेहऱ्यावर नुसतं नवल होतं.

"सायकल?" ते म्हणाले. "सायकल घरीच हुती की."

"मग?"

"घरीच हुती. दाराशी. म्या पाळीवरनं आलो, सायकल लावली, डबा ठिवला. तू झोपली हुतीस. तुजी आई जागी हुती." ते आठवू लागले. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, ती हळूहळू खोल होत गेली. "ती म्हनली, चला जरा. धुनं न्यायचंय. म्या म्हनलं, एवढ्या अंधाराचं?" ते थांबले. त्यांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले, पण आवाज आला नाही. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं.

एसटीत खिडकीशी बसून स्नेहल ती सायकल आठवायचा प्रयत्न करत होती. वडील गेल्यानंतरच्या दिवसांत ती दाराशी उभी होती का? नगरला यायच्या आधी कुणी ती ढकलत घेऊन गेलं होतं का? तिला नळीला गुंडाळलेला टॉवेल दिसत होता, हँडलची गंजलेली घंटी दिसत होती. पण यांतलं तिचं स्वतःचं किती आणि तिला सांगितलेलं किती, हे आता तिला वेगळं काढता येईना. इतकी आयुष्यं लिहून दिल्यावर निदान एवढं तरी आपल्याला जमायला हवं होतं, असं तिला वाटलं.

घरी तिने काहीच सांगितलं नाही. आईनेच जेवताना, ताटातली भाकरी मोडता मोडता म्हटलं, "पुन्हा जाशील तेव्हा मी येते."

"कुठं?"

"तुझ्या गुरुजींना बघायला."

"कशाला, आई? त्यांना आता कुणी ओळखू येत नाही."

"मला येईल ना," आई म्हणाली.

नको म्हणायला स्नेहलकडे काही कारण नव्हतं. म्हणजे, सांगण्यासारखं नव्हतं. दोघी गेल्या. एसटीत आई खिडकीशी बसली, वाटेत एका फाट्यावर तिने बोरं घेतली आणि एकेक करून शांतपणे खाल्ली, बिया रुमालात जमवल्या. मिरजगावात उतरल्यावर ती न विचारता स्नेहलच्या अर्धं पाऊल पुढे चालत राहिली. भारतीने ओट्यावर चटई टाकली. "या, बसा मावशी. उन्हाचं लई चाललात."

"तू हो पुढं," आई स्नेहलला म्हणाली. "मी जरा दम खाते."

आतल्या खोलीत ते उशीला टेकून बसले होते. तिला पाहून त्यांनी खाटेवर हाताने जागा साफ केल्यासारखं केलं. "आलीस. बस हितं."

"आज कुणीतरी आलंय तुम्हाला भेटायला," स्नेहल म्हणाली.

बाहेरून आईचा आवाज आला. "थोडं पाणी दे गं, बाई." साधाच, दमलेल्या म्हातारीचा आवाज. भांड्याचा आवाज झाला.

त्यांनी पाय खाटेवर ओढून घेतले. जमिनीवर विंचू दिसल्यावर माणूस घेतो तसे, झटकन आणि आवाज न करता. पाठ भिंतीला लागेपर्यंत ते मागे सरकले. त्यांच्या हाताने स्नेहलचं मनगट धरलं, आणि ती पकड ऐंशीच्या वरच्या माणसाची नव्हती.

"ठकू," ते कुजबुजले. "तुज्या आईला सांगू नगं, मी हितं हाय म्हनून."

आई दारात उभी होती. चपला तिने बाहेर काढून ठेवल्या होत्या, म्हणून पाऊल वाजलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, राग नव्हता. बऱ्याच दिवसांपासून सापडत नसलेली वस्तू अखेर दिसावी, आणि ती उचलण्याआधी क्षणभर नुसतीच बघावी, तशी ती बघत होती.

"स्नेहल," ती म्हणाली, "तू जरा बाहेर बस."

मनगटावरची पकड आणखी घट्ट झाली. ते स्नेहलकडे बघत होते, आईकडे नव्हे. काहीतरी बोलायला हवं होतं हे तिला कळत होतं, नुसतं इथेच बसून राहिलं तरी पुरेल हेही कळत होतं. तिने दुसरा हात आणला आणि ती बोटं हळुवार, दुखणार नाहीत अशी, एकेक करून सोडवली. मग ती उठली, आईच्या अंगावरून, खाली मान घालून बाहेर आली आणि ओट्यावर चटईवर टेकली. भारती चहाला दूध आणायला गेली होती. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली.

तिच्या पाठीमागे दार लोटलं गेलं, आणि आतून कडी लागली. अगदी सावकाश, निजलेलं पोर जागं होऊ नये अशा बेताने.